वाचक विचारतात : पाइपलाइनमध्ये दाब जातो कुठे?

प्रश्न : आमची जमीन वारणा नदीपासून १२०० मीटर अंतरावर आणि नदीच्या पाण्यापेक्षा साधारण १८ मीटर उंचावर आहे. बारा वर्षांपूर्वी आम्ही ७५ मिलिमीटरची, म्हणजे अडीच इंची पीव्हीसी पाइपलाइन पुरली आणि नदीवर पाच अश्वशक्तीची मोटर बसवली. शेजारच्या शेतकऱ्यांची मोटर तेवढ्याच ताकदीची आहे, पण त्यांची लाइन तीन इंची असून पाणी स्पष्टपणे जास्त पडते. दुकानदार साडेसात अश्वशक्तीची मोटर घ्या म्हणतात, तर भावकीतले जाणते लोक बेंड फार झाल्यामुळे पाणी अडते असे सांगतात. आम्ही काय करावे? (एक शेतकरी, सांगली जिल्हा)

उत्तर : साडेसातची मोटर तूर्त घेऊ नका. तुमच्या पत्रातच या अडचणीचे उत्तर आहे, ते म्हणजे शेजाऱ्यांची तीन इंची लाइन. मात्र माझ्या शब्दावर खर्च करण्याआधी दोन मोजमापे स्वतः करून पाहा, कारण ती अर्ध्या तासात होतात आणि त्यानंतर वादाला जागा उरत नाही.

पहिले मोजमाप पाण्याचे. शेतात जिथे धार पडते, तिथे २०० लिटरचा ड्रम ठेवा आणि तो भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. तुमच्या आकड्यांवरून तो साधारण ४० सेकंदांत भरावा, म्हणजे सेकंदाला ५ लिटर पाणी येत असावे. दुसरे मोजमाप दाबाचे. पंपाच्या डिलिव्हरीवर, म्हणजे पाणी बाहेर पडते त्या बाजूला, एनआरव्हीच्या (पाणी उलट येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढे प्रेशर गेज बसवून घ्या. मोटर चालू असताना काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा, मग मोटर बंद करा आणि काट्याकडे पाहत राहा. काटा एकदम खाली येतो, थोडा थरथरतो आणि एका जागी स्थिरावतो. एनआरव्हीने पाणी धरून ठेवले असेल आणि लाइन भरलेली असेल, तर त्या वेळी गेज फक्त उंचीचा दाब दाखवत असते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो असतो, त्यामुळे तुमच्याकडे हा आकडा १.८ किलोच्या आसपास येईल. मोटर चालू असताना मात्र तोच काटा ४.५ किलोच्या जवळ असेल. या दोन आकड्यांमधला २.७ किलोचा फरक म्हणजे १२०० मीटर पाइपात खर्ची पडणारा दाब होय. उंचीच्या भाषेत तो २७ मीटर भरतो. पाणी प्रत्यक्षात १८ मीटर चढते आणि तुमचा पंप ४५ मीटर चढवण्याइतके कष्ट करतो.

हे २७ मीटर कसे होतात ते पाहू. तुमच्या पाइपचा आतला व्यास ७० मिलिमीटर धरला, तर सेकंदाला ५ लिटर पाणी नेण्यासाठी त्यातून पाण्याला सेकंदाला १.३ मीटर वेगाने जावे लागते. या वेगाला गुळगुळीत पीव्हीसीतही दर हजार मीटरला सुमारे २२ मीटर दाब घर्षणात जातो, म्हणजे १२०० मीटरला २६ मीटरच्या थोडे वर. तेवढेच पाणी तीन इंची पाइपातून, म्हणजे सुमारे ८४ मिलिमीटर आतल्या व्यासातून नेले, तर वेग सेकंदाला ०.९ मीटरवर येतो आणि हजार मीटरची हानी सुमारे ९ मीटरच राहते. पाइप फक्त वीस टक्के रुंद झाला आणि हानी निम्म्याहूनही खाली आली. याचे कारण असे, की ठरावीक पाणी न्यायचे असेल तर घर्षणातली हानी व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. लांबी दुप्पट झाली तर हानी दुप्पट होते, पाणी दुप्पट केले तर ती साडेतीन ते चौपट होते, पण व्यास निम्मा केला तर ती तीसपटीच्या घरात जाते. पाइप घेताना दोन आकारांमधला फरक हाताला अर्ध्या इंचाचा वाटतो, म्हणून माणूस स्वस्तातला घेतो आणि पुढची वीस वर्षे पंप त्याची किंमत भरत राहतो.

आता दुकानदारांचा सल्ला तपासू. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर सेकंदाला ५ लिटर पाणी ४५ मीटर हेडला, म्हणजे तेवढ्या उंचीइतक्या दाबाला, उचलायला पाच अश्वशक्ती पूर्णपणे लागते, म्हणजे तुमची मोटर आपले काम चोख करते आहे. त्याच पाइपवर साडेसातची मोटर बसवली, तर ताकद दीडपट होते, पण पाणी जास्त ढकलताच पाइपातली हानीही झपाट्याने वाढते आणि सेकंदाला जेमतेम ६ लिटर पाणी मिळते. दीडपट ताकदीला एक पंचमांश जास्त पाणी! शिवाय पंपाजवळचा दाब साडेपाच किलोपर्यंत चढतो. तुमचा पाइप चार किलो दाब सोसणाऱ्या वर्गातला असेल, तर आताच तो नदीकडच्या टोकाला मर्यादेबाहेर चालतो आहे. सहा किलोचा असला, तरी वीज अचानक गेल्यावर उलट येणाऱ्या पाण्याचा जो तडाखा बसतो, त्याला पुरेसा राखीव जीव उरत नाही. याउलट मोटर पाचचीच ठेवून लाइन तीन इंची केली आणि पंप सुमारे ३५ मीटर हेडला योग्य असा निवडला, तर सेकंदाला ६.४ लिटर पाणी पडते. मोठ्या मोटरीपेक्षा रुंद पाइपच जास्त पाणी देतो.

हे गुंठ्यांत मोजले की नीट कळते. पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायची असेल, तर गुंठ्याला सुमारे ५००० लिटर पाणी लागते. आठ तासांच्या विजेत आज तुमचे २८ गुंठे भिजतात, साडेसातच्या मोटरीने ३४ भिजतील आणि तीन इंची लाइनने ३६. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य शासनाने २०२४ पासून वीज मोफत केल्यामुळे बिलाचा विचार आता कोणी करत नाही, पण विजेचे तास काही वाढलेले नाहीत. रात्रीच्या पाळीत दारे धरणाऱ्या माणसाला तासाला किती पाणी पडते हाच हिशेब महत्त्वाचा असतो. सौर पंप घेणार असाल तर या गोष्टीचे महत्त्व आणखी वाढते, कारण तिथे ताकद पॅनेलने ठरवून दिलेली असते. पाइपात गेलेला प्रत्येक मीटर धारेतूनच वजा होतो.

जुनी लाइन उकरून काढण्याची मात्र गरज नाही, आणि या मुद्द्यावर माझा आग्रह आहे. तिच्या शेजारून अडीच इंचीचीच दुसरी लाइन टाकून दोन्ही टोकांना जोडली, तर प्रत्येकीतून निम्मे पाणी जाते आणि त्याच ५ लिटरला घर्षणाची हानी २६ मीटरवरून सुमारे ८ मीटरवर येते, म्हणजे एकट्या तीन इंचीपेक्षाही कमी. एका वर्षात सगळा खर्च झेपत नसेल, तर आधी ६०० मीटरच समांतर टाका. तेवढ्यानेही हानी १७ मीटरपर्यंत उतरते. मोटर अर्धी अर्धी विकत घेता येत नाही, लाइन मात्र दोन हंगामांत पुरी करता येते.

बेंडांविषयी भावकीतल्या जाणत्यांचे म्हणणे पूर्ण चूक नाही, पण त्याचे वजन तपासून घ्यायला हवे. तुमच्या वेगाला एका काटकोनी एल्बोत सुमारे ८ सेंटिमीटर हेड जाते. आठ एल्बो धरले तरी ६० सेंटिमीटर होतात आणि २६ मीटरपुढे ते नगण्यच आहेत. लांब लाइनमध्ये जोडांना दोष देणे म्हणजे खऱ्या कारणाकडे पाठ फिरवणे होय.

सक्शनच्या, म्हणजे नदीपासून पंपापर्यंतच्या, बाजूची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. तिथे पाणी पंप ओढत नसतो, हवेचा दाब ते वर ढकलत असतो. तो दाब समुद्रसपाटीलाही १०.३ मीटर पाण्याइतकाच असतो आणि आपल्या पठारावर त्याहून कमी, म्हणून तिथला एकेक मीटर मोलाचा असतो. मागच्या उन्हाळ्यात एका नदीकाठी मी एक पंप पाहिला. नदी उतरली म्हणून मालकांनी सक्शनला दोन जादा तुकडे आणि दोन एल्बो लावले होते. पंपाच्या पोटात कोणी मूठभर खडी टाकली असावी असा कडकड आवाज येत होता आणि गेजचा काटा एका जागी ठरत नव्हता. सक्शनच्या पाण्यातल्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह वर काढला तेव्हा त्याच्या जाळीवर जलपर्णीची मुळे आणि शेवाळ यांचा नमदा बसलेला होता. तो हाताने सोलून काढल्यावर आवाज बंद झाला. दाब फार उतरला की पाणी थंड असतानाच त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि ते पंखाजवळ फुटताना धातूचे कण उडवतात. त्या पंपाचा पंखा उघडून पाहिला तेव्हा त्याच्या कडा वाळवी लागल्यासारख्या झाल्या होत्या. म्हणून सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा, शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवावा, आणि जाळी आठवड्याला एकदा पाहावी.

तुमच्या लाइनला वाटेत उंचवटे असतील, तर आणखी एक गोष्ट तपासा. अशा जागी हवा साचून पाण्याची वाट अरुंद करते, आणि मग हिशेबाने येते त्यापेक्षा बरीच जास्त हानी गेजवर दिसते. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवला की ती हवा निघून जाते. पुण्यात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या पेशवेकालीन नळावर ठिकठिकाणी जे दगडी उच्छ्वास बांधले आहेत, त्यांच्या नावातच त्यांचे काम सांगितलेले आहे.

प्रश्न : मी पदविका अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे. पाइपातील घर्षणामुळे ऊर्जेची 'हानी' होते असे पुस्तकात आहे, पण ऊर्जा तर नष्ट होत नाही. मग ती जाते कुठे? आणि घर्षणामुळे पाण्याचा वेग कमी होत जातो असे म्हणावे का?

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो गैरसमज शिकून बाहेर पडलेल्यांमध्येही आढळतो. एकाच व्यासाच्या भरलेल्या पाइपात वेग कमी होऊच शकत नाही. पाणी दाबले जात नाही, म्हणून सेकंदाला जेवढे लिटर एका टोकाने आत शिरतात तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडले पाहिजेत, आणि आडवा छेद तोच असल्यावर वेगही तोच राहतो. घर्षणाची किंमत चुकवली जाते ती दाबातून. वरच्या शेतकऱ्यांच्या लाइनमध्ये सेकंदाला १.३ मीटर वेगाच्या पाण्याची गतिज ऊर्जा फक्त ९ सेंटिमीटर हेडइतकी आहे, तर हानी २७ मीटर. ही हानी वेगातून वजा होत असती, तर पाणी पहिल्या पाच मीटरांच्या आतच थांबले असते.

ती ऊर्जा उष्णतेत जाते. एक किलो पाणी ४२७ मीटर उंच उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्या ऊर्जेने ते पाणी एका अंशाने तापते. त्यामुळे २७ मीटर हानीने पाणी ०.०६ अंशाने गरम होते. हाताला ते कळणार नाही आणि साध्या तापमापकावर दिसणारही नाही. ऊर्जा नष्ट झाली नाही, पण ०.०६ अंशाने कोमट झालेल्या पाण्याकडून ते काम पुन्हा करून घेता येत नाही, आणि 'हानी' या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

ती उष्णतेत कशी जाते, हा यातला सर्वांत सुंदर भाग आहे. पाइपच्या भिंतीला टेकलेला पाण्याचा थर अजिबात हलत नाही आणि मध्यावरचा सर्वांत वेगात असतो, त्यामुळे मधल्या प्रत्येक थराला आतला थर पुढे ओढतो आणि बाहेरचा मागे. वेग फार कमी असला की हे थर एकमेकांत न मिसळता सरकतात; हा स्तरीय प्रवाह. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून हे दाखवले. वेग कमी असताना रंगाचा धागा सरळ राहिला आणि एका मर्यादेनंतर तो लडबडून सगळ्या नळीभर पसरला. ही मर्यादा वेग, व्यास आणि द्रवाचा चिकटपणा यांच्या एका गुणोत्तरावर ठरते. पाइपासाठी ते गुणोत्तर २३०० च्या आसपास असते. शेतीच्या लाइनमध्ये ते लाखाच्या घरात जाते, म्हणजे तिथे पाणी सतत भोवरे करत असते; हा संक्षुब्ध प्रवाह. मोठे भोवरे मुख्य प्रवाहातून ऊर्जा घेतात, स्वतः फुटून लहान भोवऱ्यांना देतात, आणि अगदी बारीक भोवरे चिकटपणामुळे विरून तिची उष्णता करतात. स्तरीय प्रवाहात हानी वेगाच्या प्रमाणात वाढते, संक्षुब्ध प्रवाहात ती जवळजवळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याचे कारण हेच आहे.

तुम्ही परीक्षेत घर्षणातल्या हानीचे जे दार्सी-वाइसबाख सूत्र लिहिता, त्याला युलियस वाइसबाख यांनी १८४५ मध्ये आजचे रूप दिले, आणि पाइपच्या आतल्या खडबडीतपणाचा हानीवर परिणाम होतो हे ऑन्री दार्सी यांनी प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवून १८५७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे निकुराद्झे यांनी पाइपांच्या आत ठरावीक मापाची वाळू चिकटवून तोच परिणाम बारकाईने मोजला, आणि १९४४ मध्ये लुईस मूडी यांनी तुमच्या पुस्तकातला घर्षण गुणांकाचा आलेख तयार केला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : लाकडावर वीट ओढताना वजन वाढवले की घर्षण वाढते, पण पाइपातले घर्षण दाबाने वाढत नाही. प्रवाह तोच असेल तर एक किलो दाबाला आणि दहा किलो दाबाला हानी सारखीच असते. 'घर्षण' हा शब्द दोन्हीकडे वापरतात, म्हणून विद्यार्थी हमखास इथेच फसतात.

प्रश्न : आमच्या चार मजली, चाळीस वर्षे जुन्या इमारतीत गच्चीवरची टाकी भरलेली असूनही चौथ्या मजल्यावर सकाळी शॉवरला पाणी येत नाही, दुपारी मात्र येते. प्लंबर प्रेशर पंप बसवायला सांगतात. (सोसायटीच्या एक सचिव, ठाणे)

उत्तर : दुपारी येते आणि सकाळी येत नाही, यावरून टाकीच्या उंचीपेक्षा पाइप दोषी आहे असे दिसते. वरच्या मजल्याला मुळातच जेमतेम तीन मीटर उंचीचा, म्हणजे ०.३ किलो दाब मिळतो. सकाळी त्याच उभ्या नळावरचे खालचे मजलेही पाणी घेतात. सामाईक तुकड्यातून तिप्पट पाणी जाऊ लागले की तिथली हानी जवळजवळ नऊपट होते आणि चौथ्या मजल्याच्या वाट्याला काही उरत नाही. चाळीस वर्षांच्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपात गंज आणि क्षार साचून एक इंची पाइपची आतली वाट पाऊण इंचाची झाली असेल, तर एवढ्यानेच हानी चौपट होते. आतला खडबडीतपणा त्यात आणखी भर घालतो.

म्हणून टाकीच्या तोंडापासून पहिल्या फाट्यापर्यंतचा तुकडा आधी कापून पाहा. तो गच्चीवर उघडाच असतो, लांबीला थोडा असतो, आणि साऱ्या मजल्यांचे पाणी त्याच्यातून जाते. तेवढाच भाग मोठ्या मापाच्या सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपने बदलला की बहुधा निम्मी तक्रार मिटते. त्याच वेळी टाकीखालचा व्हॉल्व्ह पाहा. पूर्ण उघडलेल्या गेट व्हॉल्व्हमध्ये हानी नावापुरती असते, ग्लोब व्हॉल्व्हमध्ये ती साधारण पन्नासपट असते, आणि जुना गेट व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकला असेल तर चाक पूर्ण फिरूनही आतली फळी खालीच राहते. पंपाचा निर्णय हे सगळे पाहून झाल्यावर घ्या, कारण कुजलेल्या जोडांवर दाब वाढवला की गळती खालच्या घरांच्या भिंतींत उतरते.

प्रश्न : ठिबकच्या ओळीतील शेवटच्या झाडांना पाणी कमी मिळते. नळी लांब झाली का? (एक वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर : बहुधा झाली आहे, पण आधी फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब पाहा. फरक अर्धा किलोच्या पुढे असेल तर फिल्टर धुवा, मग नळीकडे वळा. ठिबकच्या नळीत पाणी वाटेत उतरत जाते, त्यामुळे शेवटपर्यंत सगळे पाणी नेणाऱ्या तेवढ्याच लांबीच्या नळीच्या मानाने तिच्यात हानी सुमारे एक तृतीयांशच होते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या अर्ध्या भागात होते. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरमधला दाबाचा फरक २० टक्क्यांच्या आत ठेवला, तर पाण्यातला फरक १० टक्क्यांच्या आत राहतो. दोन्ही टोकांच्या ड्रिपरखाली सारखे पेले ठेवून दहा मिनिटांनी मोजा. फरक जास्त आला, तर सबमेन, म्हणजे ओळींना पाणी पुरवणारी लाइन, ओळींच्या मधून नेऊन नळ्या दोन्ही बाजूंना निम्म्या लांबीच्या करा. उताराच्या जमिनीत ती अगदी मध्यावर न ठेवता चढाच्या बाजूला सरकवा, म्हणजे चढणारी नळी आखूड आणि उतरणारी लांब राहील.